पोरांच्या पुस्तकांचे पुरस्कार
साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार जाहीर झाला की मी आधी मराठीत कोणाला मिळाला तेच बघते. २०१० पासून देतात हा, ताम्रपट आणि ५० हजार रुपये. २०१४ ला माधुरी पुरंदरेंना मिळाला तेव्हा काय आनंद झालेला, कारण त्या लिहितात पण आणि चित्रं पण स्वतःच काढतात, आणि त्यांच्या गोष्टीतली पोरं अगदी आपल्या घरातली वाटतात, उगाच उपदेश नाही काही नाही. मग २०१६ ला टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' या मुलांच्या पुस्तकांसाठीच्या उपक्रमाचा पहिला बिग लिटल बुक अवॉर्डही लेखनासाठी त्यांनाच, आणि चित्रांसाठी अतनू रॉय यांना. चित्रकाराला वेगळा मान, हे मला फार पटलं, लहान मूल आधी चित्रच वाचतं ना! पण ही पुस्तकं आमच्या गावातल्या दुकानात मागितली तर मिळत नाहीत, त्याचं खरंच वाईट वाटतं.