हुर्राक, निधी आणि एका संध्याकाळचा परवाना

आमची संस्था गोव्यातल्या फोंडा तालुक्यात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना खाटा, चाकांच्या खुर्च्या आणि हवेच्या गाद्या वापरायला देते, आणि तिचा खजिनदार या नात्याने वर्षातून एकदा निधीसाठी कार्यक्रम उभा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडते. यंदा एप्रिलमध्ये गाणी, हाऊजी, जेवण आणि सोबत सत्तरी तालुक्यातली हुर्राक, असा बेत ठरला. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भाटीवर पहिल्यांदा उकळला की हुर्राक मिळते. ती फेणीपेक्षा पुष्कळ सौम्य असते, पण फेणीसारखी टिकत नाही. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला पेला हातात असला की हाऊजीचे दुसरे तिकीट घेताना कोणी का-कू करत नाही, हा आमचा जुना अनुभव आहे.

बैठकीत एका सभासदाने विरोध केला. त्यांच्या घरातला एक माणूस दारूपायी गेला आहे, त्यामुळे कोणालाच लगेच उत्तर सुचले नाही. शेवटी प्रत्येकाला दोनच पेल्यांची कुपने द्यायची आणि रात्री साडेनऊला टेबल बंद करायचे, असे ठरले, आणि कुपनांचा हिशेब त्यांनीच स्वतःकडे घेतला. सरकारने घालावी अशी सर्वांत परिणामकारक अट मला त्या बैठकीत सापडली. एका संध्याकाळी मद्य देण्याच्या परवान्याच्या अर्जात मात्र तिच्यासाठी रकानाच नव्हता.

अर्जासोबत सभागृहाचा नकाशा हवा होता. दारे, गल्ला आणि मद्याचे टेबल दाखवून तो मी चौकटीच्या वहीत स्वतः काढला. पहिल्यांदा तो परत आला, कारण स्वच्छतागृह दाखवले नव्हते. दुसऱ्यांदा आला तो सभागृहाच्या मालकाची सही होती, पण शिक्का नव्हता म्हणून. त्यातच पंचायतीचा ना हरकत दाखला आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी यांसाठी तेच कागद तीन प्रतींत तीन दारी फिरले. खिडकीवरची माणसे सौजन्याने वागली, हे सांगितले पाहिजे. दोष आहे तो एका संध्याकाळच्या टेबलाकडे कायमच्या बारच्या नजरेने पाहण्याच्या पद्धतीत. एप्रिल असाच सरला, कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला, आणि परवाना हाती आला तेव्हा जूनचा पाऊस कौलांवर वाजत होता आणि सत्तरीतल्या भाट्या थंड झाल्या होत्या. शेवटी फेणी आणि बियरवर भागवले, पण हाऊजीला निम्म्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा विषय आहे आणि गोव्याचा अबकारी कायदा 1964 सालचा आहे, तेव्हा सुधारणेसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या बाटलीवरचे अबकारी शुल्क आधीच भरलेले असते, त्यामुळे प्रक्रिया सुटसुटीत केल्याने तिजोरीला फारशी झळ बसेल असेही वाटत नाही. नोंदणीकृत आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब असलेल्या संस्थेची कागदपत्रे एकदाच तपासून तिला क्रमांक द्यावा. पुढे प्रत्येक कार्यक्रमासाठी तारीख, जागा, मद्याचे प्रमाण आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे असा एक पानी अर्ज पुरावा, आणि सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर परवाना मिळाला असे धरावे. वेळेत सेवा देण्याचा कायदा गोव्याने 2013 मध्येच केला आहे. त्याचे तत्त्व इथे लावणे अवघड नसावे.

धर्मादायाच्या नावाखाली धंदेवाईक पार्ट्या होतील, ही भीती खरी आहे, आणि आमच्यासारख्यांनीच ती आधी बोलून दाखवली पाहिजे. म्हणून वर्षाला तीनच कार्यक्रमांची मर्यादा असावी आणि महिन्याभरात जमाखर्च सादर न करणाऱ्या संस्थेचा क्रमांक रद्द व्हावा. आवाजाची रात्री दहाची मर्यादा आणि वयाची अट तर सर्वांसारखी आम्हालाही लागू राहीलच.

पुढच्या वर्षीचा अर्ज मी दिवाळीनंतर लगेच टाकणार आहे. नकाशा आत्ताच काढून ठेवला आहे, स्वच्छतागृहासकट.