रोहिणीचा उकाडा आणि मॉडेलचा पासंग

मे महिन्यात नाशिकचा पारा 40 अंशांवर गेला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठा मथळा येतो. रोहिणी नक्षत्र सरत आले आणि त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग दाटू लागले, की पारा 33 पर्यंत उतरतो आणि त्याबरोबर मथळाही जातो. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत खरड छाटणीनंतरची शेंडा खुडणी चालू असताना तिथल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, “दादा, उन्हाचं काही नाही वाटत. घाम वाळत नाही ना, तेव्हा जीव नको होतो.”

मावशींचे म्हणणे ओल्या फडक्याच्या तापमापकावर जसेच्या तसे उतरते. फुग्याला मलमलीची ओली पट्टी गुंडाळलेला हा तापमापक घाम वाळून अंग किती थंड होऊ शकेल याचा अंदाज देतो. हवा 40 अंश आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकेल त्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा) 20 टक्के असेल तर त्यावर सुमारे 22.7 अंश दिसतात. हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर सुमारे 28.4. (हे आकडे समुद्रसपाटीच्या दाबाचे आहेत; नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने इथे ते किंचित कमी येतील.) मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणण्यासाठी मात्र हवामान विभागाच्या निकषानुसार कमाल तापमान किमान 40 अंश असावे लागते.

पुढच्या काही दशकांत बागेतल्या कामाचे किती तास असे जड जातील, हे काढण्याचा प्रयत्न मी काही महिन्यांपासून करतो आहे. त्यासाठी जागतिक हवामान मॉडेलांची, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रणालींची, आकडेवारी घ्यावी लागते, आणि ती जशी मिळते तशी वापरता येत नाही. ही मॉडेले पृथ्वीच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एकच आकडा देतात, आणि बऱ्याच मॉडेलांची एक चौकट साधारण 100 किलोमीटर लांब-रुंद असते. नाशिकवर अशी चौकट ठेवली तर तिच्यात इगतपुरीचा धो धो पाऊस, घाटाखालची दमट हवा आणि सिन्नरचे कोरडे माळ एकत्र कालवले जातात, आणि त्यातून निघणारे तापमान यांपैकी कोणत्याच गावाचे नसते.

म्हणून आधी मॉडेलचा पासंग काढावा लागतो. तराजूची पारडी रिकामी असतानाच एका बाजूला झुकत असतील तर व्यापारी दुसऱ्या बाजूला खडा टाकून ती समतोल करतो, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की मॉडेलचा झोक सगळीकडे सारखा नसतो. सौम्य दिवशी ते एक अंश चुकेल आणि कडक उन्हाच्या दिवशी तीन. क्वान्टाईल मॅपिंग या पद्धतीत मॉडेलचे भूतकाळातले दिवस थंडापासून उष्णापर्यंत क्रमाने लावतात, प्रत्यक्ष नोंदींचे दिवसही तसेच लावतात आणि प्रत्येक पायरीवरचा फरक वेगळा काढून दुरुस्त करतात. यात मॉडेलने दाखवलेली तापमानवाढ नकळत फुगू किंवा आक्रसू शकते. त्यासाठी प्रत्येक पायरीवरचा बदल जपणारी क्वान्टाईल डेल्टा मॅपिंग ही पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते.

माझी चूक याच्या पुढच्या टप्प्यावर झाली. मी तापमान काळजीपूर्वक दुरुस्त केले आणि सापेक्ष आर्द्रता मॉडेलने दिली तशीच ठेवली. समजा मॉडेल 35 अंश आणि 50 टक्के म्हणते आहे, आणि दुरुस्तीनंतर तापमान 38 झाले. टक्केवारी 50 च राहू दिली, तर हवेत आधी नसलेली सुमारे 18 टक्के जास्तीची वाफ आपण कागदावरच तयार केलेली असते, कारण गरम हवेचे 50 टक्के म्हणजे प्रत्यक्षात अधिक पाणी. ओल्या फडक्याचा आकडा 26.6 वरून थेट 29.2 वर जातो. वाफ तेवढीच ठेवली तर आर्द्रता 42 टक्क्यांच्या आसपास येते आणि आकडा 27.5 वरच थांबतो. जवळजवळ पावणेदोन अंशांचा हा फरक हवामान बदलामुळे पडलेला नव्हता, माझ्या हिशोबातून आलेला होता. आलेख मात्र फार प्रभावी दिसत होता, आणि मी तो दोघा-तिघांना दाखवूनही बसलो होतो.

मग प्रत्येक घटक वेगवेगळा दुरुस्त करावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तेही पुरत नाही. जी मॉडेले एखाद्या प्रदेशाला वाजवीपेक्षा उष्ण दाखवतात ती बहुधा त्याला वाजवीपेक्षा कोरडेही दाखवतात, त्यामुळे दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात आणि उष्म्याचा एकत्रित आकडा सुट्या घटकांपेक्षा अधिक भरवशाचा निघतो, हे हवामानशास्त्रज्ञ एरिक फिशर आणि रेटो क्नुट्टी यांनी 2013 साली दाखवले. एकच चूक दुरुस्त केली तर हा परस्पर आधार तुटतो. दोन्ही वेगवेगळ्या दुरुस्त केल्या तरी कोणत्या दिवशी उष्णता आणि दमटपणा एकत्र आले, ही जोडी नोंदींशी जुळेलच असे नाही. रोहिणीच्या उकाड्याचा सगळा प्रश्न तर त्या जोडीचाच आहे. संशोधक ॲलेक्स कॅनन यांच्या बहुचल (अनेक घटक एकत्र दुरुस्त करणाऱ्या) पद्धतीत घटकांचा मेळ वाटेल त्या कोनांतून पुनःपुन्हा फिरवतात आणि दर वेळी त्या दिशेने दुरुस्ती करतात, म्हणजे घटकांमधले नातेही हळूहळू नोंदींसारखे होत जाते. गणन जड आहे, पण मी आता तीच पद्धत वापरतो.

दिवसाचे कमाल तापमान आणि दिवसाची सरासरी आर्द्रता एकत्र घेण्याचा मोहही आवरावा लागतो, कारण पारा सर्वाधिक असतो त्या दुपारी आर्द्रता साधारणपणे सर्वात कमी असते. सकाळी आठला बागेत शिरणाऱ्या बाईसाठी दोन्ही आकडे त्याच तासाचे हवेत. सध्या मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचे दिवस मी तासातासाने पुन्हा काढतो आहे, आणि जुना आलेख ज्यांना दाखवला होता त्यांना तो चुकीचा असल्याचे कळवले आहे.