बावीस अंशांचा फरक : तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा माझा अनुभव

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाला, पूर्ण जोरात २२० वॅट वीज लागते आणि ती सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. सुदामानगरातील माझी खोली गच्चीच्या खाली असल्यामुळे कूलर चालू असला तरी दुपारी तेथे ३४-३५ अंश असतातच. त्यामुळे कार्ड तापणार हे मी गृहीत धरले होते. मात्र खेळ सुरू करून वीसएक मिनिटे होताच चित्र अडखळू लागे, पंखे पूर्ण वेगाने गरगरू लागत आणि कधी कधी पडदा काळा होऊन संगणकच बंद पडे, याचा दोष नुसत्या उन्हाळ्यावर टाकता येत नव्हता. मागच्या उन्हाळ्यात हेच कार्ड याच खोलीत बिनतक्रार चालले होते. यंदा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाऊ लागला, तेव्हा आईने विचारलेच, "अरे, त्या डब्यात जातं बसवलंयस का?"

अशा वेळी जो तो आपापला उपाय सांगतो. कुणी कॅबिनेटला आणखी पंखे लावायला सांगितले, कुणी वीजपुरवठ्याचा डबा बदलायला, तर एका दुकानदाराने हे कार्ड देऊन नवे घेण्याचा सल्ला दिला, आणि त्यात त्याचा फायदा कुठे आहे हे उघडच होते. पैसे खर्च करण्यापूर्वी मोजमाप करायचे असे मी ठरवले. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम या ग्राफिक्स कार्डाची दोन तापमाने दाखवतो. एक नेहमीचे, म्हणजे चिपचे सर्वसाधारण तापमान, आणि दुसरे हॉट स्पॉट, म्हणजे चिपवर ठिकठिकाणी असलेल्या संवेदकांपैकी सर्वांत तापलेल्या जागेचे. बहुतेक लोक पहिलाच आकडा पाहतात. माझ्याकडे पहिला ८४ होता आणि दुसरा १०६. चिपचा वेग १९०० मेगाहर्ट्‌झवरून १५०० च्या आसपास उतरत होता, आणि जीपीयू-झेड या दुसऱ्या प्रोग्राममध्ये वेग उतरण्याचे कारण म्हणून तापमानाचीच खूण दिसत होती. निदान वीजपुरवठ्याच्या डब्यावरचा संशय त्यामुळे मागे पडला.

एनव्हिडियाने या कार्डासाठी दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, म्हणजे ८४ हा आकडा एकटा पाहिला तर तो फारसा भीतिदायक नाही. खटकत होता तो दोन आकड्यांमधला २२ अंशांचा फरक. चिप आणि तिच्यावरचे हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) एकमेकांना नीट चिकटलेले असतील, तर हा फरक साधारणपणे १० ते १५ अंशांचा असतो. तो वाढला की चिपच्या काही भागातली उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. याची खातरजमा करायला एक सोपी चाचणी पुरते. कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच खेळ तेवढाच वेळ चालवला, तेव्हा आकडे ८० आणि १०२ झाले. बाहेरची हवा मिळाल्याने दोन्ही सारखेच उतरले, फरक मात्र जागचा हलला नाही. याचा अर्थ कॅबिनेटमध्ये हवा थोडी कोंडत होती हे खरे, पण मुख्य बिघाड कार्डाच्या आत होता आणि कितीही पंखे लावले असते तरी तो गेला नसता.

येथे माळव्यातल्या माणसाने एक खबरदारी घ्यायला हवी. आपल्याकडे रात्र दुपारपेक्षा बरीच थंड असते. खोलीची हवा आठ अंशांनी उतरली की कार्डाचे तापमानही जवळजवळ तेवढेच उतरते, मग दुपारी बिघडलेले कार्ड रात्री आपोआप सुधारल्यासारखे वाटते. म्हणून मी भिंतीवर साधा तापमापक टांगला आणि सगळ्या चाचण्या दुपारच्या जेवणानंतरच घेतल्या. कूलरचा झोत थेट संगणकावर सोडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यातून पाण्याचे बारीक शिंतोडे येतात.

धूळ काढणे ओघानेच आले. ब्लोअरने हवा मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून त्यांचे बेअरिंग खराब होऊ शकते. त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबून व्होल्टेजचा आलेख उघडला, ९०० मिलिव्होल्टच्या बिंदूवर १८३० मेगाहर्ट्‌झ ठेवले आणि त्यापुढची रेघ सपाट केली, म्हणजे व्होल्टेज त्याहून वर जाणार नाही. चिप खात असलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्होल्टेज थोडेसे कमी केले तरी विजेत चांगलाच फरक पडतो. माझे कार्ड २१५ वॅटवरून १६५ च्या आसपास आले आणि खेळाच्या वेगात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही. आकडे ७५ आणि ९२ झाले. संगणक बंद पडणे थांबले आणि आईची तक्रारही. पुष्कळ जण येथेच थांबतात, आणि थांबायला हरकतही नसावी. पण फरक २२ वरून १७ वर आला तो केवळ मुळात उष्णताच कमी झाल्यामुळे. वीज पाऊण पट केली की फरकही साधारण पाऊण पट होतो, म्हणजे आतला दोष होता तसाच होता.

कार्डाची वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे ते उघडण्यात अडचण नव्हती. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूवरचे स्टिकर फाडण्यापूर्वी कंपनीचे नियम वाचून घ्यावेत. रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एक मराठी कारागीर आहेत. मी त्यांना आकडे सांगितले, तेव्हा कार्ड हातात न घेताच ते म्हणाले, "दादा, पंखे घेऊ नका. आतली पेस्ट सुकलीय." पेस्ट म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेला, उष्णता पुढे पोहोचवणारा लेप. मला शेजारी बसवून त्यांनी कार्ड उघडले.

चिपच्या चार कोपऱ्यांवरचे स्प्रिंगचे स्क्रू त्यांनी समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल केले. हीटसिंक उचलण्याआधी पंख्यांच्या वायरींचे कनेक्टर सोडवले, कारण हिसका बसला तर ते बोर्डावरून उखडतात. आत चिपच्या मधोमध पेस्टचा नुसता करडा, कोरडा पापुद्रा होता आणि उरलेली सगळी कडांना जाऊन घट्ट झाली होती. चिप तापते, निवते, आणि त्या प्रत्येक वेळी किंचित वाकून पेस्टला बाहेर ढकलते. म्हणून ग्राफिक्स कार्डासाठी पातळ पेस्टपेक्षा दाट पेस्ट बरी, असे त्यांचे मत पडले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आरशासारखी स्वच्छ केल्यावर त्यांनी पेस्ट सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरली. प्रोसेसरवर धातूचे झाकण असते, त्यामुळे तेथे मधोमध थेंब ठेवला तरी चालते. ग्राफिक्सची चिप उघडी असते आणि तिचा एखादा कोपरा कोरडा राहिला तर तोच नवा हॉट स्पॉट होतो.

माझ्या मते सर्वांत नाजूक काम थर्मल पॅडचे, म्हणजे मेमरीच्या चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ तुकड्यांचे आहे. मेमरीच्या एका चिपवरचा पॅड उचलताना फाटला. कारागिरांनी न दबलेल्या कडेशी व्हर्नियर लावून त्याची जाडी मोजली आणि बरोबर तेवढ्याच जाडीचा तुकडा कापून बसवला. मूळच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तरी हीटसिंक मुख्य चिपवरून उचलले जाते आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. या कार्डात मेमरीचे तापमान कोणताही प्रोग्राम दाखवत नाही, त्यामुळे तेथे चूक झाली तर ती कळायलाही मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खोलीत ३५ अंश असताना आणि व्होल्टेज मूळचेच ठेवून तोच खेळ चालवला, तेव्हा आकडे ७३ आणि ८५ आले, म्हणजे फरक १२ अंशांचा. व्होल्टेज पुन्हा उतरवल्यावर ते ६७ आणि ७६ वर स्थिरावले. तापमानानुसार पंख्यांचा वेग ठरवणारा आलेख मग मी बराच सौम्य केला. आता राहिला आहे तो कॅबिनेटचा पुढचा भाग. तो काचेचा असून हवा आत यायला कडेची चिंचोळी फटच काय ती आहे. त्याजागी जाळी बसवून मिळते का, याची चौकशी सध्या चालू आहे.