मातीचा गोळा

महोत्सवाच्या अंकासाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा, असा निरोप आला. शाळेने बरंच दिलं, गणित तेवढं राहिलं. त्यातली एकच गोष्ट सांगतो.

मी दहावीला 1978 साली बसलो. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी रोज दिवेलागणीला पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन व्हायचं. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, हे त्यातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं वचन मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ म्हणजे तोंडातच. देवाला नाक-डोळे आहेत की काय, एवढीच शंका यायची. वडील म्हणायचे, प्रतिरूप म्हणजे चेहरा नव्हे रे. बरंवाईट कळणं, माया करता येणं, देवाला हाक मारता येणं. मी मान डोलवायचो.

वर्गात ख्रिस्ती आम्ही दोघे-तिघेच. माझ्या बाकावर बसायचा तो चित्रशाळेतला, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या घरातला. श्रावण लागला की त्याच्या ओटीवर, माजघरात गणपतीच गणपती, आणि हा पहाटेपासून माती मळायला. एकदा तो दुसऱ्या तासाला पोचला. नखांत माती, निबंधाच्या वहीवर पाचही बोटं उमटलेली. आमचे मराठीचे सर म्हणजे शांत माणूस, रविवारी उपासनेत पेटी वाजवणारे. त्या दिवशी काय बिनसलं होतं कोण जाणे. वही भिरकावून म्हणाले, “मातीचा गोळा आहेस नुसता!” वर्ग हसला. मीही हसलो, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरीच घेतली नाही. म्हणाले, रात्री घरी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला. ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो, तिनेच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो, असं तिथे आहे. “काल मी तेच केलं.” मग ते आमच्या बाकाशी आले आणि त्याच्यापुढे हात जोडले. “मला माफ कर.”

सरांनी मुलापुढे हात जोडलेले आम्ही कधी पाहिले नव्हते. तो इतका गांगरला की म्हणाला, “सर, मातयेशिवाय गणपती कसो होतलो?”

सर हसले. “खरं आहे. आमच्या शास्त्रातही माणूस मातीचाच. देवाने त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला.” आणि फळ्याकडे वळून समास सुरू केले.

मधल्या सुट्टीत त्याने मला गाठलं. “तुमच्यात मूर्ती चालत नाय ना? मगे देवान सोताची कित्याक केल्यान?” मला उत्तर येईना. सरांना विचारलं तर म्हणाले, “म्हणूनच. त्याने केलीय ना, मग आपण दुसरी कशाला करायची?” ‘प्रतिरूप’ यासाठी मूळ हिब्रूत जो ‘त्सेलेम’ शब्द आहे, तोच जुन्या करारात मूर्तीसाठीही येतो, हे मी फार पुढे एका अभ्यासवर्गात ऐकलं. माझ्या मित्राने ते मधल्या सुट्टीत ओळखलं होतं.

देवभीरू जीवन म्हटलं की आमच्यात तंबाखू, दारू, पत्ते यांची यादी सुरू होते. बायबलातल्याच कलस्सैकरांच्या पत्रात प्रेषित पौल वेगळी यादी देतो. नवा मनुष्य धारण करा म्हणण्याआधी तो टाकायला सांगतो ते राग, क्रोध, दुष्टपण, निंदा, शिवीगाळ. निम्मी यादी तोंडातलीच.

पुढे मी एकतीस वर्षं तिकीट खिडकीवर बसलो. चतुर्थीनंतर चाकरमानी परत निघाले की त्या भोकातून नुसते हात आत येतात, नोटा धरलेले. हाताला शिवी घालणं सोपं. मी घातल्यात. पन्नाशीच्या आसपास कधीतरी, वाकून समोरच्याचं तोंड बघायची सवय लावून घेतली. वेळ लागायचा, रांग ओरडायची. मानेचं दुखणं तेव्हापासूनचं.

त्या दिवशी हसल्याबद्दल मित्राची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. दर वर्षी चतुर्थीच्या आधी चार दिवस त्याच्या चित्रशाळेत जाऊन बसतो. तो गणपतीचे डोळे आखत असतो. तेव्हा बोलायचं नसतं. राहून जातं.