रामटेकची सहल, आणि तलावावर अडलेली फाईल

नागपूर जिल्ह्यातली रामटेक, नगरधन आणि मनसर ही तीन ठिकाणं शाळेच्या मुलांना एका दिवसात सहज दाखवून होतात. जीव काढते ती सहलीची परवानगी. यंदा ती मिळवताना माझा जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय. दुसऱ्या शाळेतल्या कुणाचे तरी हेलपाटे वाचले तरी पुष्कळ झालं.

आमची शाळा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. गाव तसं लहान, पण गावाला तलाव आहे, शेजारच्या गावाला आहे, त्याच्या पलीकडच्या गावालाही आहे. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे गेले आणि आता सरकारदरबारी ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. आमच्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी त्याच पाळीवरून शाळेत येतात.

प्रस्ताव तयार करायला काही त्रास झाला नाही. पालकांची संमतीपत्रं दोन दिवसांत गोळा झाली, मुख्याध्यापक सरांनी हमीपत्र दिलं, एसटीच्या आगारात बसची चौकशी झाली. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. शाळेचं पत्र घेऊन लवकर जा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळा बस मागतात. प्रस्ताव गेला तालुक्याच्या एका कार्यालयात. ते कोणतं हे सांगत नाही, आणि फाईल तिथेच बसली.

पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला साहेब होते, पण फाईल टेबलावर यायची होती. मग एकदा टेबलावरच्या बाबूंनी फाईल उघडली आणि ठिकाणांच्या यादीवर बोट ठेवलं.

“मॅडम, यात तं तलाव दिसून राह्यला.”

यादीत मी लिहिलं होतं: रामटेक गड, अंबाळा तलाव परिसर, गडावरून खिंडसी जलाशयाचं दर्शन, नगरधन किल्ला, मनसरची हिडिंबा टेकडी. सहलीच्या नियमांत नदी, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशी जोखमीची ठिकाणं टाळायला सांगितलंय. नियमाशी माझं भांडण नाही. सहलीला गेलेली मुलं पाण्यात बुडाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, आणि दुसऱ्याचं लेकरू घेऊन निघताना पोटात गोळा येतो तो शिक्षकालाच माहीत. पण नियम पाण्यात उतरण्यासाठी आहे की पाणी दिसण्यासाठी, हे कुणीतरी ठरवायला हवं ना?

मी म्हटलं, तलाव काढते. अंबाळा खोडला, खिंडसी खोडला. पुढच्या वेळी बोट मनसरवर. “टेकडी आहे.” बरं, मग नगरधन तरी? तो तर सपाटीवरचा किल्ला, चढण नावाला नाही. तर कुणीतरी बाबूंना सांगितलेलं की किल्ल्यात बावडी आहे. “म्हणजे विहीरच झाली.” आणि रामटेक म्हणजे तर गडच.

विदर्भात जुनं काही बघायचं तर ते पाण्याकाठी नाही तर टेकडीवर असतंच. माणसं पाणी बघून वसली, राजांनी टेकडी बघून देवळं बांधली. पवनी वैनगंगेच्या काठी. मार्कंडा देवस्थान वैनगंगेच्या काठी. लोणारची देवळं तर सरोवराच्या पोटातच आहेत. तलाव, नदी, विहीर आणि टेकडी एवढं सगळं वगळलं तर मुलांना काय दाखवायचं, नागपूरचा मॉल? हे मी तिथे बोलून दाखवलं. बाबूंनी मान हलवली आणि फाईल पुन्हा गठ्ठ्यात ठेवली.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? नकार कुणीच देत नव्हतं. “बघू”, “साहेबांना विचारतो”, “पुढच्या आठवड्यात या.” बस मिळायची तारीख जवळ येत चाललेली. मुलं रोज विचारत होती. एका मुलीच्या वडिलांनी शाळेच्या फाटकातच गाठलं, “मॅडम, पोरं तं रोजच तलावावर जातेत, मंग तिथंच काय अडून राह्यलं?” काय सांगणार होते मी त्यांना!

शेवटी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींचा मला अभिमान आहे.

पहिली म्हणजे साधा अर्ज दिला: आमच्या प्रस्तावात जी त्रुटी असेल ती लेखी कळवावी. आवक शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक लिहून घेतला, पोच जपून ठेवली. तोंडी त्रुटी अंतहीन असते. लेखी द्यायची म्हटलं की देणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

दुसरी म्हणजे प्रस्ताव नव्याने लिहिला. खोडलेले तलाव परत घातले, आणि प्रत्येक ठिकाणापुढे मुलं कुठे उभी राहतील आणि कुठे जाणार नाहीत ते लिहिलं. अंबाळा: फक्त रस्त्याच्या बाजूने देवळं पाहणे, घाटाच्या पायऱ्या उतरणार नाही. खिंडसी: केवळ गडावरून दर्शन, काठावर जाणार नाही, नौकाविहार नाही. रामटेक गड: बस वरच्या वाहनतळापर्यंत, तिथून पायऱ्यांनी, कठड्यापाशी शिक्षक. नगरधन: बावडीत उतरणार नाही. मनसर: मळलेल्या वाटेनेच, एका वेळी एक गट. दहा मुलांमागे एक शिक्षक, त्यांची नावं आणि कोण कोणत्या गटाबरोबर. वहीच्या पानावर हाताने नकाशा काढून जोडला.

साहेबांनी तो कागद माझ्यासमोर वाचला. एकच प्रश्न विचारला, “पाण्यात उतरणार नाही ना?” नाही म्हटलं. सही झाली. दारातून बाहेर आल्यावर मी मुख्याध्यापक सरांना फोन लावला आणि मला धड बोलता येईना, इतका आनंद झाला होता.

सहल छान झाली. दक्षिणेकडून आलात तर नगरधन आधी घ्या. आज दिसते ती तटबंदी नंतरच्या काळातली, भोसल्यांच्या काळापर्यंत किल्ला वापरात होता. पण हे गाव म्हणजेच विदर्भातल्या जुन्या वाकाटक राजघराण्याची नंदिवर्धन ही राजधानी मानली जाते. २०१५ ते २०१८ या काळात इथे उत्खनन झालं तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, तिच्यावर शंख आहे. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची सून. नवरा गेल्यावर मुलगे लहान म्हणून तिने राज्य चालवलं, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला. हे ऐकल्यावर आठवीतल्या मुली एकदम सरसावून पुढे आल्या. “मॅडम, ती इथंच राहत होती?” पुस्तकातल्या राण्या यांना नेहमी कुठल्यातरी लांबच्या गावच्या वाटतात. ही त्यांच्या घरापासून बसने दोन-तीन तासांवरची निघाली.

डबे बसमध्येच खाऊन घ्या, हे आधी सांगायला हवं होतं. गडावर वानरं आहेत आणि हातातली पिशवी त्यांना बरोबर कळते.

रामटेकला बहुतेक लोक थेट राममंदिराकडे जातात आणि वाटेतल्या केवल नरसिंह, रुद्र नरसिंहाच्या देवळांकडे बघतही नाहीत. तुम्ही थांबाच. बाहेरून ती अगदी साधी, बुटकी, जाड दगडाची. आत गेलात की लाल दगडाचा भलामोठा नरसिंह बसलेला. एक गुडघा वर, त्यावर हात टेकलेला, अंग भरदार, चेहऱ्यावर उग्रपणा असा नाहीच. दीड हजार वर्षं तो असाच बसलाय. केवल नरसिंहाच्या देवळातला वाकाटकांचा शिलालेख कितीतरी काळ चुन्याच्या थराखाली झाकलेला होता. आत अंधार असतो, टॉर्च न्या. गर्भगृह लहान असल्यामुळे गट पाडूनच सोडा, नाहीतर मागच्यांना काही दिसत नाही.

गडाच्या कडेला उभं राहून खिंडसी बघितला. टेकड्यांच्या मधे पसरलेलं पाणी आणि खाली धानाच्या बांध्या. एक मुलगा म्हणाला, “आपल्या तलावापेक्षा मोठाच आहे, पण पाळ कुठे आहे?” तलावाकाठच्या पोरालाच हा प्रश्न पडतो. मग बांध कुठे, कालवा कुठे, पाणी कोणत्या शेतांना जातं, यावर जी चर्चा झाली ती वर्गात एका तासात झाली नसती. याच तलावासाठी माझी फाईल अडली होती, म्हणून मी मुलांना तिथे ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबू दिलं.

मनसर शेवटी ठेवलं, कारण टेकडीवर सावली नाही आणि दुपारच्या उन्हात तिथे मुलं कंटाळतात. उत्खननात निघालेलं विटांचं प्रचंड बांधकाम हीच बघायची गोष्ट. विटांच्या कोनाकोनांच्या भिंती, एकावर एक चढत गेलेले टप्पे. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी वर्ध्याजवळच्या पवनारला मानली होती. इथल्या उत्खननानंतर बरेच अभ्यासक मनसरकडे बोट दाखवतात. मुलांना दोन्ही मतं सांगा. मोठी माणसंही एका गोष्टीवर वाद घालतात आणि पुरावा शोधतात, हे त्यांना फार आवडतं. विटेवर हात ठेवू देऊ नका, त्या झिजतात. शेजारी आपली वीत ठेवून लांबी मोजायला सांगा. आजच्या विटेपुढे ती केवढी हे लगेच कळतं.

उजेड असतानाच परतीला निघा, प्रस्तावात परतीची वेळ लिहिलेली असते. आणि परवानगीच्या पत्राच्या दोन झेरॉक्स बरोबर ठेवा, एक चालकाकडे आणि एक तुमच्याकडे. नव्या प्रस्तावाचा तो कागद मी जपून ठेवलाय. आमच्या केंद्रातल्या दोन शाळांनी तो मागून नेला, एक पवनीला जाणार आहे आणि एक ‘नवेगाव बांध’ या गावी. दोन्हीकडे पाणी आहे. त्यांना मी एवढंच सांगितलं की प्रस्ताव दिवाळीच्या सुट्ट्या संपल्याबरोबर टाका, आणि तलावाचं नाव खोडू नका.