हुकमाची पानं

टॅरो म्हणजे प्रश्न मनात धरून मांडायची आणि वाचायची चित्रांची पानं. त्यांचा कॅट पिसणं हे मुळातच कष्टाचं काम आहे. एकेक पान ७० मिलिमीटर रुंद, १२० मिलिमीटर उंच, आणि अशी ७८. रमीच्या सवयीने फर्रकन पिसायला जावं, तर निम्मी पानं मांडीवर येतात. मग माणूस कंटाळतो, गठ्ठ्या-गठ्ठ्याने चार वेळा वर-खाली करतो आणि ‘झालं पिसून’ म्हणतो. पण गठ्ठ्याने हललेली पानं एकमेकांचा शेजार सोडत नाहीत. गेल्या वेळी जी जोडी निघाली होती तीच पुन्हा निघते आणि मांडणारा हरखून जातो, ‘बघा, परत तेच आलं!’ यात नियतीचा हात शोधण्याआधी पिसणाऱ्याचा हात तपासावा. साध्या ५२ पानांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसला, तर नीट मिसळायला साधारण सात खेपा लागतात, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. ७८ पानांना एकदोन खेपा जास्तच. तेवढी बोटं चालत नसतील तर सरळ सगळी पानं टेबलावर उपडी पसरावीत आणि पाटी पुसल्यासारखे दोन्ही तळवे मिनिटभर गोल गोल फिरवावेत. दिसायला पोरकट दिसतं, पण पानं खरोखर मिसळतात. शिवाय त्या मिनिटभरात प्रश्न मनात स्थिर होतो. तो फायदा वेगळाच.

ही पानं जन्माला आली ती खेळण्यासाठी. १५व्या शतकात, १४४० च्या आसपास, उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या कॅटला चित्रांची एक जादा माळ जोडली गेली. तिला त्रिओन्फी म्हणत आणि खेळात ही पानं बाकी सगळ्यांना मारत. म्हणजे आपल्या भाषेत हुकूम! हात करण्याचे खेळ खेळलेल्या माणसाला टॅरोची रचना समजावून सांगावी लागत नाही ती म्हणूनच. चार रंग आहेत: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. पानं वाचून सांगणारी रीडर मंडळी त्यांना वाँड्स, कप्स, स्वॉर्ड्स, पेंटॅकल्स म्हणतात. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर चौघं दरबारी: पेज, नाइट, राणी, राजा. ओळखीच्या कॅटपेक्षा दरबारात एक माणूस जास्त. ही झाली ५६, मायनर अर्काना. उरलेली २२ म्हणजे ते जुने हुकूम. त्यांनाच आता मेजर अर्काना असं भारदस्त नाव आहे.

भविष्याचं ओझं या पानांवर पडलं ते जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच पंडिताने ‘हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे’ असं ठोकून दिलं. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोटं पाडायलाही कुणी नव्हतं. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती लिपी उलगडली १८२२ मध्ये. तोवर कल्पना चांगली रुजली होती, आणि आल्येत हे आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेइया’ झालेल्या एका गृहस्थाने खास भविष्य बघण्यासाठी कॅट काढलासुद्धा होता.

आज बहुतेकांच्या हातात दिसतो तो कॅट १९०९ चा. लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. कितीतरी वर्षं तो ‘रायडर-वेट’ म्हणूनच विकला गेला. जिने सगळी चित्रं काढली तिच्या वाट्याला पानाच्या कोपऱ्यातली एक नागमोडी सही आली. खरं तर आपण आज जे ‘वाचतो’ ते मुख्यतः तिचंच. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत पेल्यांची पंजी म्हणजे नुसते मांडलेले पाच पेले. स्मिथबाईंनी जवळजवळ प्रत्येक साध्या पानावर एक प्रसंग रंगवला. पंजीवर काळ्या झग्यातला एक माणूस मान खाली घालून उभा आहे, त्याच्यापुढे तीन पेले कलंडलेत, आणि पाठीमागे दोन धडधाकट उभे आहेत, जे त्याने अजून पाहिलेलेच नाहीत. आता या पानाचा अर्थ पुस्तकात कशाला शोधायचा?

तरी सगळे तो पुस्तकातच शोधतात. पान उघडलं की लगेच हात सोबतच्या पुस्तिकेकडे. तलवारींची अठ्ठी काढून बघा. पुस्तिका सांगते ‘बंधन, कोंडी, असहायता’. वाचणारा मान डोलावतो, आणि तिथेच रीडिंग संपतं. पुस्तिका मिटून दोन मिनिटं नुसतं चित्र बघितलं तर काय काय दिसतं! एक बाई उभी आहे. डोळ्यांवर पट्टी, हात आणि अंग कापडाने बांधलेलं. भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. पायाखाली चिखलपाणी, लांब कड्यावर एक गढी. आणि मग लक्षात येतं की पाय मोकळे आहेत. तलवारींचं कुंपण पुरं नाही, समोरची बाजू उघडी आहे. पहारेकरी एकही नाही. एकाची नजर आधी पट्टीवर जाते, दुसऱ्याची तलवारींवर, तिसरा म्हणतो, ‘ती गढी कुणाची?’ ज्याची नजर जिथे अडते तिथून त्याचं बोलणं सुरू होतं, आणि तो चित्राबद्दल बोलतोय असं त्याला वाटत असताना स्वतःबद्दल बोलायला लागलेला असतो. टॅरो ज्याला मार्गदर्शन म्हणतं ते एवढंच आहे. चांगला रीडर म्हणून आधी विचारतो, ‘तुम्हाला काय दिसतंय?’ आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं ७८ अर्थ पाठ करण्यापेक्षा अवघड आहे.

पण चित्राला बोलायला जागा हवी, आणि ती जागा प्रश्नात असते. ‘मला ही नोकरी मिळेल का?’ या प्रश्नावर तलवारींची अठ्ठी आली तर काय म्हणायचं, हो की नाही? काहींनी त्यावरही तोडगा काढलाय: सुलटं पान हो, उलटं नाही. त्यापेक्षा नाणं उडवावं, ७८ पानांचा भार वाचेल. तोच प्रश्न ‘या मुलाखतीच्या तयारीत माझ्या नजरेतून काय सुटतंय?’ असा विचारला, की तीच पट्टी बांधलेली बाई एकदम कामाला येते. ‘तो माझ्याशी बोलत का नाही?’ हा प्रश्नही तसाच वांझोटा, कारण उत्तर तिसऱ्याच्या मनात आहे आणि पानं तुमच्या टेबलावर. ‘या अबोल्यात माझा वाटा काय?’ असं विचारून बघा. टोचतं थोडं, पण पानाला धरायला काहीतरी मिळतं. प्रश्न कागदावर लिहावा. मनातला प्रश्न मोठा लबाड असतो, पान उघडल्यावर तो पानाप्रमाणे बदलतो.

मांडणीच्या जागाही पान काढण्याआधी ठरवायच्या. नंतर ठरवल्या की प्रत्येक पानाला सोयीची खुर्ची मिळते. तीन पानांची सर्वांत लोकप्रिय मांडणी भूत-वर्तमान-भविष्य ही, आणि आमच्या मते सर्वांत निकामी. भूतकाळ आपल्याला ठाऊकच असतो. ‘स्थिती, अडसर, पुढचं पाऊल’ ही जास्त कामाची.

समजा प्रश्न आहे, ‘बदली घ्यायची की नाही हे ठरवताना मी काय विसरतोय?’ स्थितीच्या जागी आली तलवारींची दुर्री: डोळे बांधलेली बाई छातीशी दोन तलवारींची फुली धरून बसलीय. अडसर, पेल्यांची छक्की: जुन्या वाड्याचं अंगण, एक मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. पुढचं पाऊल, नाण्यांची अठ्ठी: बाकावर बसून एकेक नाणं कोरणारा कारागीर. शिकाऊ माणूस हमखास घसरतो तो मधल्या पानावर. चित्र गोड आहे म्हणून तो ‘वा, शुभ आहे!’ म्हणतो. पण जागा अडसराची आहे. गोड तेच इथे आडवं येतंय: जुनं घर, ओळखीची माणसं, अंगणाची सय. दुर्री सांगते की निर्णय टाळण्यालाही ताकद लागते आणि ते हात केव्हातरी भरून येणार. आणि कारागीर? तो बदली घे म्हणत नाही, नको घेऊ असंही म्हणत नाही. पगार, घरभाडं, प्रवासाचे तास, आईवडिलांची सोय, एकेक घेऊन कागदावर मांड, इतकंच त्याच्या हातोडीतून ऐकू येतं. हा सल्ला शहाणी मावशीही देईल. फक्त मावशीने सांगितलं की आपण वाद घालतो.

या तिन्ही पानांत हुकूम नाही. काहींना अशा मांडणीत कमीपणा वाटतो. उलट मेजर अर्कानातलं पान आलं की चेहरे गंभीर होतात, जणू वरून फर्मान सुटलंय. हिशोब केला तर तीन पानांत निदान एक हुकूम येण्याची शक्यता १०० पैकी साधारण ६४ आहे. म्हणजे तो येणं हीच रोजची गोष्ट. मृत्यूचं पानही तसंच. सेल्टिक क्रॉस नावाच्या दहा पानांच्या मांडणीत ते सरासरी आठ मांडण्यांत एकदा डोकावणारच. पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा, पुढे कोसळलेला राजा, आणि निशाणावर मात्र पांढरा गुलाब. रीडर ते एखाद्या पर्वाचा शेवट म्हणून वाचतात. ते पाहून कुणाच्या आयुष्याबद्दल भाकीत करणारा माणूस एकतर अडाणी किंवा वाईट.

बिघडण्याच्या वाटा तशा ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी, मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा मांडणं. तीन पानं क्रमाने ४,५६,४५६ प्रकारे निघू शकतात. धीर असेल तर हवं ते उत्तर मिळेपर्यंत काढत बसता येतं. ‘खुलाशासाठी अजून एक पान’ हे त्याच रोगाचं सभ्य नाव. चौथं पान गोंधळलं की पाचवं, आणि शेवटी अर्धा कॅट टेबलावर. एक प्रश्न, एक मांडणी, आणि परिस्थितीत काही बदल होईपर्यंत पुन्हा नाही. उलट्या पानांचा हट्टही सुरुवातीला नको. ७८ चित्रं ओळखीची होण्याआधी १५६ अर्थ डोक्यात कोंबले की माणूस पुन्हा पुस्तिकेलाच शरण जातो. आजार, औषध, कोर्टकज्जा, गुंतवणूक यांचे प्रश्न पानांपुढे ठेवायचेच नाहीत.

दुसऱ्याकडून रीडिंग घेताना एक वाक्य कानात अडकलं पाहिजे: ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात.’ बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुमचं’ म्हणून व्यक्तिवर्णन दिलं. सगळ्यांना एकच मजकूर. अचूकतेला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! कुणालाही लागू पडणारं वाक्य कानावर आलं की ‘हे तुम्हाला कुठल्या पानात दिसलं?’ असं विचारावं. बोट ठेवून दाखवता आलं तर ठीक. आणि कुणी तुमच्यावरची बाधा वेगळे पैसे घेऊन उतरवायला निघालं, तर तिथून उठावं.

मांडणी संपल्यावर वहीत तारीख, प्रश्न, तीन पानांची नावं आणि दोन ओळी लिहून ठेवाव्यात. लगेच, त्याच दिवशी. महिन्याभराने स्मरणशक्ती सगळं सोयीने दुरुस्त करते आणि ‘पानांनी सांगितलंच होतं’ असं साक्षीपुरावा नसताना छातीठोक सांगते. मग पानं सुलटी लावून मोजावीत. ७८ भरायला हवीत. एखादं कमी भरलं तर त्याचा अर्थ लावत बसू नये, टेबलाखाली बघावं.