टाकीची दुपारची 128 : टायनीवरच्या सॉफ्ट यूआर्टचा छडा लागला

सापडलं! पाण्याच्या टाकीची मोजलेली पातळी भर दुपारीच का ढासळत होती ते अखेर सापडलं. सेन्सर बदलून झाला, केबल बदलून झाली, दोघंही निर्दोष निघाले.

मांडणी जुनीच. टाकीच्या झाकणात पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर एजे-एसआर04एम ऑटो सिरियलवर (म्हणजे आपणहून आकडे पाठवत राहणारा), शेजारच्या डब्यात एटीटायनी 85 ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप. तिला हार्डवेअर यूआर्ट (सिरियल बिट वाचणारं सर्किट) नाही, म्हणून 9600 बॉडचं (सेकंदाला 9600 बिट) रिसीव्ह सॉफ्टवेअरनं, टायमर-झीरोवर: प्रीस्केलर 8, कम्पेअर 103, म्हणजे 8 मेगाहर्ट्झला बिटमागं 104 टिक. सकाळी सगळं सुरळीत. स्लॅब तापला की 350 मिलिमीटरचे एकदम 478 व्हायचे, पंप विनाकारण सुरू व्हायचा, आणि चेकसम (पॅकेटच्या शेवटी येणारी बाइटांची पडताळणी बेरीज) मात्र बिनदिक्कत पास! डोकं फिरायची वेळ आली होती.

पहिला धागा वळवानं दिला. कोल्हापुरात संध्याकाळी एक दणदणीत सर आली, डबा गार झाला आणि रीडिंग जागेवर. दुसरा धागा आकड्यातच होता. 478 वजा 350 म्हणजे नेमके 128. म्हणजे फक्त बिट 7 (बाइटचा सर्वांत वरचा, 128 किमतीचा) बिघडतोय.

मग प्रत्येक सॅम्पलला (चिप बिट वाचते त्या क्षणी) एक मोकळी पिन टॉगल केली, आठ चॅनेलवाला स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनालायझर लावला (या कामाला स्कोपपेक्षा तोच बरा) आणि बहिणीचा हेअर ड्रायर चिपवर धरला. पल्सव्ह्यू या अ‍ॅनालायझरच्या सॉफ्टवेअरमध्ये बिट 7 वरची सॅम्पलची रेघ टेबलावरच कडेपासून जेमतेम 10 मायक्रोसेकंद आत होती. चिप तापली तशी ती डावीकडं सरकत गेली आणि कड ओलांडून बिट 6 मध्ये शिरली. कारण चिपचं घड्याळ, म्हणजे अंतर्गत आरसी ऑसिलेटर! फॅक्टरी कॅलिब्रेशनची हमीच ±10 टक्क्यांची. माझा टेबलावर 5 टक्के पुढं, उन्हात सव्वासहाच्या वर. बिट 7 चा मध्य बाइट सुरू करणाऱ्या स्टार्ट बिटच्या कडेपासून साडेआठ बिट लांब, तिथं सव्वासहा टक्के म्हणजे अर्धा बिट. संपलंच.

आता चेकसमची गंमत बघा. 350 चं पॅकेट, हेक्समध्ये: एफएफ (सुरुवातीची खूण), 01 आणि 5ई (अंतराचा वरचा आणि खालचा बाइट), 5ई (चेकसम). एफएफ अधिक 01 म्हणजे खालच्या बाइटपुरतं शून्य, म्हणून 256 ते 511 मिलिमीटरमध्ये चेकसम म्हणजे खालच्या बाइटची हुबेहूब नक्कल! 5ई चा बिट 7 शून्य, बिट 6 एक. दोन्ही ठिकाणी तोच घोटाळा होऊन डीई, डीई. 01 मध्ये दोन्ही बिट शून्य, एफएफमध्ये दोन्ही एक, त्यामुळं ते शाबूत. चोर आणि पंच एकाच घरचे. हे कळलं तेव्हा खरं सांगतो, राग जाऊन कौतुकच वाटलं.

छोट्या रिसीव्ह रूटीन बाइटच्या शेवटच्या स्टॉप बिटची (तो कायम एक असतो) वेळ थांबतात, पण त्याच्याकडं बघत नाहीत. ती तपासणी टाकली. आता तिथं शून्य दिसलं की पॅकेट कचऱ्यात.

उपाय म्हणून यूएसबी-सिरियलवरून 55 हेक्स पाठवून ओएसकॅल (ऑसिलेटरचा वेग ठरवणारं रजिस्टर) जुळवायचं आणि ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवायचं ठरवलं होतं. पहिल्या ते पाचव्या उतरत्या कडेत बरोबर आठ बिट मिळतात, मोजायला झकास. पण टेबलावर जुळवलेलं दुपारी परत हलणारच की. हे लिहिता लिहिताच सुचलं: एफएफमध्ये स्टार्ट बिट सोडून सगळे एक. म्हणजे दोन पॅकेटमधल्या शांततेनंतरचा पहिला लो पल्स नेमका एका बिटचा! सेन्सर दर पॅकेटला स्वतःच माप पाठवतोय. तो पल्स मोजायचा आणि कम्पेअरचा आकडा तसा बदलायचा. एक टिक म्हणजे साधारण 1 टक्का, तेवढं पुरे. ओएसकॅलला हातच लावायचा नाही. हार्डवेअर यूआर्टवाली एटीमेगा 328 घ्या, घड्याळाला बाहेरून क्रिस्टल लावा म्हणणाऱ्यांनी थोडं थांबा.

अडचण एकच दिसतेय. केबल लांब असल्यानं चढती कड आळशी आहे, पल्स 1-2 मायक्रोसेकंद लांब मोजला जाईल. कुणी पुल-अप (लाइन वर ओढणारा रेझिस्टर) लावून पाहिला असेल तर किती ओहमचा ठेवला ते सांगा, तोवर मी 4.7 किलोओहमनं सुरुवात करतो.